मथीकाकीचा हात

मथीकाकी आपल्या उजव्या हाताबद्दल बोलायची ती घरातल्या एखाद्या लहरी वडीलधाऱ्या माणसाबद्दल बोलावं तशी. "आज हात नाय म्हणतो," असं ती सांगायची आणि दारात अंडी घेऊन आलेली बाई काही न विचारता पदर सावरून परत जायची. दुसऱ्या दिवशी तीच बाई पुन्हा यायची. मग काकी बोटं एकमेकांवर घासून बघायची, जरा थांबायची आणि म्हणायची, "चल, आज बरा हाय त्यो."

बेटेगावच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा मी नुकतीच ट्रेनिंग संपवून आले होते. ठाण्यात वाढलेली मुलगी, एकटी राहायची पहिलीच वेळ. गावात खोली अशी मिळेना. शेवटी लहानूकाकांनी त्यांच्या पडवीचा अर्धा भाग कुडाची भिंत घालून मला दिला. उरलेल्या अर्ध्यात कोंबड्या. लहानूकाका म्हणजे मथीकाकीचे यजमान. डोंगराच्या अंगाला त्यांचा भाताचा लहानसा तुकडा होता, तो पावसावर पिकायचा. काका दिवसभर तिथे, आणि घरी आले की ओट्यावर तंबाखू मळत गप्प. घरात बोलायचं काम काकीचं.

पहिल्या दिवशी मी ट्रंक टेकवली तेव्हा तिने माझं नाव विचारायच्या आधी माझा तळवा हातात घेतला. तिचा हात ऊन होता. पौषाची थंडी असूनही ऊन.

"थंड हाय गो तुजा," ती म्हणाली.

मला वाटलं, झालं, आता खोलीही जाते. तर ती हसून म्हणाली, "लिवायाला चांगला. कोंबड्यांकडं जाऊ नको म्हंजी जाला."

त्या भागात कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून पिसं फुलवून एका जागी बसून राहायला लागली, की तिच्याखाली अंडी बसवायची. आणि ती कोणाच्या हाताने बसवली त्यावर पिल्लं निघणं न निघणं अवलंबून, असं सगळे मानत. मथीकाकीचा हात चांगला, ही गोष्ट आसपासच्या पाड्यांवर सगळ्यांना ठाऊक. मान नावाच्या गावातून, बोईसरच्या पलीकडून बाया अंडी घेऊन यायच्या, नाहीतर काकीला आपल्या घरी बोलवायच्या. ती कोणाकडून काही घेत नसे. घेतलं तर हात रागावतो, असं तिचं म्हणणं.

अंडी बसवायची वेळ संध्याकाळची, कोंबड्या घरात आल्यावर. काकी हातपाय धुवून यायची. टोपलीत राख, राखेवर भाताचा पेंढा, पेंढ्याच्या खाली एक कोळसा आणि एक गंजका खिळा. आभाळ गरजलं तर अंड्यांना धक्का बसू नये म्हणून तो खिळा. मग एकेक अंडं उचलून ती गालाला लावायची आणि ठेवायची. त्या वेळी घरात कोणी बोलायचं नाही. काका तंबाखूची टाळीसुद्धा वाजवत नसत. शेवटी कोंबडीला उचलून आणायची आणि तिला म्हणायची, "बस गो सुनबाय. आता तुजा तू बग."

सगळ्या कोंबड्या तिच्या सुना. दाणे खायला न उठणाऱ्या कोंबडीला ती दटावायची, "ऊठ, चार दाने खा, उपाशी राहून पोरा नाय होत." एक तांबडी कोंबडी तर अशी होती की खाली काही नसलं तरी बसायची. एकदा काकांची तंबाखूची डबी हरवली. दोन दिवस घरात भांडण. काकांना वाटलं काकीने मुद्दाम लपवली, काकीला वाटलं काका शेतावर टाकून आले. तिसऱ्या दिवशी काकीने तांबडीला दाण्यासाठी उचललं तर खाली डबी, चांगली ऊबदार. काकी पोट धरधरून हसली. "बगा, हिनं तुमची तंबाखू उबवली," म्हणाली. काकांनी डबी पुसली, उघडून हुंगली आणि गंभीरपणे सांगितलं, "बिगडली नाय." त्या घरात मी काकांना इतकं बोलताना क्वचितच ऐकलं.

पण सगळीच अंडी फुटायची असं नाही. हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. टोपलीतली बहुतेक पिल्लं बाहेर आली होती, कोंबडीच्या पंखांतून डोकी काढत होती. एका अंड्याला मात्र नुसतं छिद्र पडलेलं. आतून चोचीचं टोक हलताना दिसायचं, बारीक आवाज यायचा. सकाळी शाळेला जाताना तसंच, मधल्या सुट्टीत आले तर तसंच. आवाज तेवढा कमी झालेला.

"काकी, फोडा ना तेवढं. जरासं कवच काढलं की येईल बाहेर."

"नाय येत."

"प्रयत्न तरी करा."

"बाई, त्येला आत अजून रगत लागलेला असतो सालीला. आपुन फाडला तर रगत जातो. मी केलेला हाय. नवी लगीन होऊन आले तवा केलेला." ती टोपलीसमोर उकिडवी बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून. "बगत बसायचा. दुसरा काय नाय."

आम्ही बघत बसलो. पुन्हा शाळेत जायची वेळ होईपर्यंत मी तिथेच होते. संध्याकाळी आले तेव्हा शेवग्याच्या बुंध्याशी माती उकरलेली दिसली. न फुटलेली अंडी ती उकिरड्यावर टाकत नसे, तिथे पुरायची. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच नव्या पिल्लांना कण्या घालताना तिचं नेहमीचं बोलणं सुरू. "दोनतीन जायाचीच," ती मला म्हणाली, "सगळी आली तर कोंबडी तरी किती सांबाळणार?" नुकसान सोसायची तिची एक रीत होती, आणि दोनतीन अंड्यांपुरती ती रीत पुरत होती.

तिकडे तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम निघालं होतं. बोईसर बघता बघता बाहेरच्या माणसांनी भरलं. ट्रक, खडी, हिंदी बोलणारे मजूर. काकीचा मुलगा काशिनाथ पण मुकादमाच्या हाताखाली लागला. तो सायकलवरून घरी यायचा आणि सांगायचा, "आये, तितं अंडी पुरत नाय. किती बी न्या, खपतात." ही गोष्ट गावात सगळ्यांच्या तोंडी झाली. त्याच सुमारास आमच्या गावाला नवे ग्रामसेवक आले. तरुण, भला माणूस. त्यांनी शाळेच्या ओट्यावर सभा घेतली आणि पांढऱ्या विलायती कोंबड्यांचं सांगितलं. देशी कोंबडी थोडी अंडी घालून खुडूक होते, ही पांढरी थांबतच नाही. तिची अंडी मी आणून देतो, तुमच्या खुडूक कोंबड्यांखाली बसवा, पुढच्या वर्षी घरोघरी पांढऱ्या कोंबड्या.

बाया कुजबुजल्या. मग मागून कोणीतरी म्हणालं, "बसवील मथीकाकी." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणजे ठरलंच.

ग्रामसेवकांनी पालघरजवळ कोणा ओळखीच्या माणसाने नव्याने घातलेल्या कोंबड्यांच्या शेडमधून अंडी आणली. भाताच्या तुसात घालून, बैलगाडीतून, धक्का बसू नये म्हणून स्वतः गाडीबरोबर चालत. काकीने करंडीतलं पहिलं अंडं उचललं तेव्हाचा तिचा चेहरा मला आठवतो. एवढी पांढरी अंडी तिने पाहिली नव्हती. तिने ते गालाला लावलं, माझ्याही गालाला लावलं. "बग तरी! गोऱ्या बायचा गाल."

गावात ज्यांच्या ज्यांच्या कोंबड्या खुडूक होत्या त्या सगळ्या घरी ती त्या आठवड्यात गेली. नवं लुगडं नेसून. लोकांनी घरची देशी अंडी काढून घेतली आणि त्या जागी ही ठेवली. कुठे चहा झाला, कुठे खोबरं-साखर हातावर ठेवली. हात त्या आठवड्यात एकदाही नाही म्हणाला नाही.

तीन आठवडे झाले. पहिल्या घरची सखू आली. सखू म्हणजे आमच्या शेजारची, काकीची लहानपणापासूनची मैत्रीण, दोघी एकाच पाड्यावरून या गावात सून म्हणून आलेल्या.

"मथे, अजून काय हालचाल नाय."

"विलायती हायेत. उशीर लागल."

दुसऱ्या दिवशी आणखी एका घरून निरोप. मग तिसऱ्या. काकी प्रत्येक घरी जाऊन अंडी कानाला लावून आली. मी एकदा तिच्याबरोबर होते. ती अंडं कानाला लावायची, डोळे मिटायची, खूप वेळ तशीच. घरची माणसं तिच्या तोंडाकडे बघत उभी. ती अंडं परत ठेवायची आणि "उद्या," एवढंच म्हणायची. घराबाहेर पडल्यावर मी विचारलं, "काही ऐकू येतं का?"

"काय नाय. नुसता पानी हालतो."

कोंबड्या बिचाऱ्या बसूनच. वाळून गेल्या, तुरे फिके पडले, तरी उठेनात. मग अंडी फुटायला लागली, पिल्लांनी नव्हे, आपोआप, सडून. घराघरांतून तो वास. एका घरची कोंबडी त्या बसण्यातच मेली. एकाही घरात, एकाही टोपलीतून, एक पिल्लू निघालं नाही.

ग्रामसेवक त्या शेडमध्ये जाऊन आले ते पडलेल्या चेहऱ्याने. शाळेच्या ओट्यावर त्यांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं आणि हात जोडून सांगितलं, "चूक माझी. त्या शेडमध्ये कोंबडाच नाही. खायच्या अंड्यांसाठी नुसत्या माद्या पाळल्यात. ती अंडी वांझ होती. मी विचारलंच नाही. ती कोणीही, कुठेही बसवली असती तरी फुटली नसती. मथीकाकींचा यात काही दोष नाही."

लोक भले होते. कोणी रागावलं नाही. "ऱ्हाऊ दे भाऊसाएब, होतो कदी कदी," म्हणाले. एक म्हातारा तर हसला, "कोंबड्याबिगर पोरा? शहान्यासारका येडा सरकार!" सगळे हसले. मला वाटलं, मिटलं.

घरी येऊन मी काकीला पुन्हा समजावून सांगितलं. ती चुलीशी बसली होती. मला मध्येच थांबवून म्हणाली, "कळला बाई. कोंबडा नवता."

"मग?"

"मंग हाताला नको का कळायाला?" तिने उजवा हात उताणा धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. "एवढी अंडी गालाला लावली. एक बी बोलला नाय त्यो. मना वाटला खुशीत हाय."



गावात कोणी तिला शब्दाने बोललं नाही. एवढंच झालं की अंडी घेऊन कोणी येईना. पुढच्या वेळी कोंबड्या खुडूक झाल्या तेव्हा एका बाईने पदरात अंडी धरून आमच्या ओट्यासमोरून जाताना मान खाली घातली आणि पावलं उचलली. ती सखूच्या घरी वळली. काकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने पाहिलं. तिचा हात सुपातच थांबला. थोड्या वेळाने सखूच्या घरातलं बोलणं थांबलं, तशी काकीही गप्प बसली, ती अंडी बसवली जाईपर्यंत. मग पुन्हा निवडू लागली. सखूला बोल लावण्यासारखं काही नव्हतं. लोक तिच्याकडे गेले, ती नाही कशी म्हणणार? रात्री ती वाटीभर कालवण घेऊन आली, काकीनेही घेतलं. दोघी एकमेकींशी पावसाचं बोलल्या.

मी माझ्या परीने एक केलं. ज्या घरी कोंबडा होता अशा घरून मी देशी अंडी आणली आणि काकीला म्हटलं, "माझ्यासाठी बसवा. मला पिल्लं हवीत."

ती खूप वेळ नाही म्हणाली. मग हात धुवून आली. खिळा ठेवला, कोळसा ठेवला. या वेळी प्रत्येक अंडं तिने गालाला दोनदोनदा लावलं. तिची भरवशाची काळी कोंबडी अंड्यांवर बसली, आठवडाभर नीट बसली, आणि एका दुपारी उठून अंगणात चरायला लागली. काकीने तिला परत नेऊन बसवली, ती पुन्हा उठली. डालग्याखाली कोंडली, तर आतल्या आत अंड्यांवर उभी राहिली. काय बिनसलं कोणालाच कळलं नाही. अशी एखादी कोंबडी दर वर्षी उठतेच, काकीनेच मला पूर्वी सांगितलं होतं. मी ते बोलून दाखवलं.

"व्हय," ती म्हणाली. "उठतात." आणि माझी अंडी शेवग्याखाली पुरायला घेऊन गेली. त्यानंतर तिने टोपलीला हात लावला नाही. घरच्या कोंबड्या खुडूक झाल्या की काकांना सांगायची, "तुमी ठेवा." काका आपले भातासारखे अंड्यांचे ढीग घालायचे. तरी पिल्लं निघायची.

काशिनाथची बायको हिरा तेव्हा पहिल्या बाळंतपणाला वाणगावला माहेरी गेली होती. मुलगी झाल्याचा निरोप आला. काकीने गूळ वाटला. बाळ घरी आलं त्या दिवशी सकाळपासून तिने अंगण सारवलं, दारात भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभी राहिली. ओवाळलं, तुकडा टाकला, पाण्याने डोळे पुसले. हिराने हसत बाळ पुढे केलं.

"घ्या आये. तुमच्यावर गेली हाय."

काकी एक पाऊल मागे सरली. "तुज्या सासऱ्याकडं दे."

काकांनी गोंधळून हात पुढे केले. बाळ त्यांच्याकडे गेलं. हिराचं तोंड एवढंसं झालं.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. "बाई, पोरगी जाली म्हून आयेला राग हाय का?"

"नाही गं. गूळ कोणी वाटला मग?"

मी तिला अंड्यांचं आणि हाताचं सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता रडायला लागली. बाहेर जाऊन तिने सासूचे पाय धरले. "आये, मी नाय मानीत त्ये. माजी पोर हाय, मी सांगते, घ्या."

"मना ठावा हाय तू नाय मानीत," काकी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मी मानते. मंग काय करू?"

 काशिनाथ चिडला, ओरडला, बोईसरच्या डॉक्टरला विचारतो म्हणाला. काय विचारणार? काका एकदा फक्त म्हणाले, "तुज्या हातची भाकर आमी खातो, आमाला काय जाला?" त्यावर ती हसली. पण ऐकलं नाही.

बाकी सगळं ती करायची. बाळाचे कपडे धुवायची, हिराला पेज द्यायची, धुरी करायची. झोळीला तिने लांब दोरी बांधली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून तासन् तास झोके देत राहायची. तिथूनच गायची, तिथूनच बोलायची. "काय गो गोऱ्या बाय, भूक लागली? तुजी आवस येते हं." बाळाला तिचा आवाज कळायचा. आवाजाच्या दिशेला मान वळवून ते हात हलवायचं आणि काकी दोरी सोडून पदराखाली हात घ्यायची.

माझी बदली एडवणला झाली तेव्हा ती पोर रांगायला लागली होती.

निघायच्या दिवशी दुपारी माझी ट्रंक बैलगाडीत चढवली. हिरा विहिरीवर होती, काशिनाथ कामावर, काकाच गाडी हाकणार होते. पोर ओट्यावर एका कापडावर बसली होती. काकी मला निरोप द्यायला अंगणात आली. तिने माझे हात धरले नाहीत, नुसती जवळ उभी राहिली. "एडवणला दर्या हाय म्हणतात," ती म्हणाली. "लांब ऱ्हा त्येच्यापासून." मी वाकून नमस्कार केला. गाडी हलली.

गाडी कुंपणाच्या टोकाशी आली आणि मी मागे पाहिलं. पोर कापडावरून उतरून ओट्याच्या कडेकडे रांगत निघाली होती. ओटा चांगला कमरेएवढा उंच, खाली दगडी पायरी. काकीनेही त्याच क्षणी पाहिलं. "हिरे! गो हिरे!" ती ओरडली. विहीर लांब. "सखे!" सखूचं दार बंद. मी "काका, थांबवा" म्हणत गाडीतून उडी टाकली. काकी ओट्यापाशी पोचली होती. तिचे हात पुढे झाले, पोरीपासून वीतभर अंतरावर आले आणि तिथेच थांबले.  पोर हसत ओट्याच्या कडेशी आली.

तशी काकी गर्रकन वळली आणि पाठ ओट्याला टेकवून उभी राहिली. ओट्याच्या कडेला आपल्या सगळ्या अंगाने तिने भिंत घातली. पोर पुढे आली ती तिच्या पाठीवर आपटली. तिने काकीचा अंबाडा दोन्ही मुठींत धरला, तिच्या खांद्यावर रेलली, तिच्या मानेत तोंड खुपसलं. ती पहिल्यांदाच आजीच्या अंगाला लागत होती आणि मोठमोठ्याने हसत होती.

मी धावत अंगणापर्यंत आले होते. काकीने मान हलवून मला थांबायला सांगितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिने हात वर केला नाही. पोरीने केस ओढले तशी तिची मान मागे गेली आणि ती हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई, तू जा. हिरा येईस्तवर उबी ऱ्हाते मी."